कामेच्छा आणि भय : र. धों. कर्वे यांच्या निमित्ताने

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

जुन्या मराठी ग्रंथालयांमध्ये ‘आरोग्य’ विभागातील काही पुस्तके उघड्या फडताळावर सहसा नसत. ती ग्रंथपालांच्या टेबलामागील कुलूपबंद कपाटात असत, त्यांना जाड तपकिरी कागदाची वेष्टणे असत, आणि सभासदाने पुस्तकाचे नाव न उच्चारता यादीतला क्रमांक तेवढा हळूच सांगावा, असा अलिखित शिरस्ता असे. एखाद्या स्त्री-सभासदाने तो क्रमांक सांगितल्याचे उदाहरण विरळाच. पुस्तक परत आले की त्याच्या पानांच्या कडा मात्र इतर कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक मळलेल्या दिसत. ज्ञानेश्वरीपासून रहस्यकथेपर्यंत सर्व काही मोकळेपणाने मागणारा वाचक स्वतःच्या शरीराविषयीचे पुस्तक मागताना दबकतो, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कामेच्छा म्हणजे काय, ती उत्पन्न कशी होते, शरीरात तिचे कार्य कसे चालते आणि मन तिला कसे वळण लावते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. मराठीत तो मांडावयाचा तर रघुनाथ धोंडो कर्वे यांना वगळून मांडता येत नाही.

तथापि सुरतेत हा विषय काढताना कर्व्यांच्याही सत्तर वर्षे मागे जाणे भाग आहे. १८६० साली सुरतेचे यदुनाथजी महाराज मुंबईस गेले. विधवाविवाहाच्या प्रश्नावर त्यांच्याशी जाहीर वाद करावयास उभा राहिला तो सुरतेचाच कवी नर्मद. त्याच वर्षी करसनदास मूळजी यांनी आपल्या ‘सत्यप्रकाश’ पत्रात महाराजांच्या स्त्री-भक्तांशी असलेल्या वर्तनावर लेख लिहिला आणि महाराजांनी पन्नास हजार रुपयांची अब्रुनुकसानीची फिर्याद केली. १८६२ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात चाललेला हा खटला करसनदासांनी जिंकला. त्या खटल्यात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एक मराठी डॉक्टर उभे होते, ते म्हणजे भाऊ दाजी लाड. महाराजांच्या गुप्तरोगावर आपण उपचार केल्याची साक्ष त्यांनी भर न्यायालयात दिली. ज्या गोष्टीविषयी घरात ब्रही काढला जात नसे, ती वैद्यकाच्या भाषेत न्यायासनासमोर उच्चारली गेली. ही घटना गुजराती आणि मराठी या दोन्ही समाजांच्या इतिहासात मोठी आहे. परंतु त्या खटल्यातील सारा वाद पुरुषाच्या अनाचाराचा आणि स्त्रीच्या अब्रूचा होता. स्त्रीला स्वतःची इच्छा असते काय, आणि असल्यास तिचे काय होते, हा प्रश्न त्या खटल्याचा विषयच नव्हता.

वास्तविक हा प्रश्न भारतीय शास्त्रकारांना नवा नव्हता. वात्स्यायनाच्या कामसूत्रात त्यावर रीतसर वाद आहे. पुरुषाला होते तशी तृप्ती स्त्रीला होत नाही, असे औद्दालकीचे मत तेथे नोंदविले आहे. बाभ्रव्याच्या अनुयायांचे म्हणणे असे की, तिला आरंभापासूनच सुखाचा अनुभव येत असतो. आणि वात्स्यायनाचा निर्णय असा की, स्त्री आणि पुरुष एकाच जातीचे असल्याने त्यांचे सुखही एकाच जातीचे. हा ग्रंथ १८८३ साली बर्टन आणि आर्बथनॉट यांच्या खटपटीने इंग्रजीत आला, तेव्हा मूळ संस्कृतावर कष्ट घेणाऱ्यांत भगवानलाल इंद्रजी हे गुजराती आणि शिवराम परशुराम भिडे हे मराठी पंडित होते. म्हणजे विद्या आपली आणि ती उलगडणारे पंडितही आपले. आपल्या वाचकाला मात्र ती परक्या भाषेच्या आडोशाने, तीही चोरून, वाचावी लागली. काम हा चार पुरुषार्थांपैकी एक मानणाऱ्या समाजाची ही अवस्था व्हावी, यात इंग्रजी राजवटीतील सोवळेपणाचा वाटा आहेच. पण सारा दोष साहेबाच्या माथी मारणे सोयीचे असले तरी खरे नाही.

या पार्श्वभूमीवर र. धों. कर्वे यांच्याकडे पाहावे लागते. १४ जानेवारी १८८२ रोजी जन्मलेले रघुनाथराव हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र. मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आलेले, गणितात पारंगत, मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापक, काही काळ पॅरिसमध्ये राहून आलेले, असे हे गृहस्थ सरळ मार्गाने गेले असते तर सुखाने निवृत्त झाले असते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र काढले तेही त्याच वर्षी. १९२३ साली त्यांचे ‘संततिनियमन’ हे पुस्तक आले. नोकरी ठेवावयाची की हे कार्य, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि ते ऑक्टोबर १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत सव्वीस वर्षे एकहाती चालविले. पत्नी मालतीबाई नोकरी करून घर चालवीत होत्या, म्हणूनच हे मासिक चालू शकले. मराठी सुधारणेच्या इतिहासात मालतीबाईंच्या वाट्याला एखाददुसरे वाक्य येते. त्यांचे ऋण त्याहून मोठे आहे. या दांपत्याने मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करवून घेतली.

‘समाजस्वास्थ्या’च्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. त्यामुळे मासिकाची बदनामी झाली, आणि ज्यांनी आतले एक अक्षर वाचले नाही त्यांनीही मत बनविले. आत काय असे? शरीरशास्त्र, गुप्तरोग, संततिनियमनाची साधने, विवाहसंस्थेची चिकित्सा आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे. १९३१ साली ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला झाला, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षण यांविषयीचे ते प्रश्न होते. या वेळी कर्व्यांची बाजू मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने लेखन अश्लील ठरत नाही, आणि प्रश्न विकृत वाटला तरी त्यावर उपाय ज्ञान हाच आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. हॅवलॉक एलिससारख्या तज्ज्ञांचा त्यांनी आधार घेतला. खटला हरला आणि दोनशे रुपये दंड झाला. ज्या १८६८ सालच्या इंग्रजी कसोटीने असे लेखन तोलले जाई, ती हिक्लिन कसोटी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने बाजूला सारली २०१४ साली. इंग्लंडने तिला केव्हाच निरोप दिला होता.

खटल्यांची हकिगत रंजक असल्यामुळे कर्व्यांवरील बहुतेक व्याख्याने तेथेच रेंगाळतात, आणि त्यांच्या विचारातील मर्माची गोष्ट बाजूला राहते. ती अशी. कर्वे कामेच्छेकडे आले ते गर्भधारणेच्या दाराने. ज्या काळी बाळंतपणात स्त्रिया मरत आणि जगणाऱ्या स्त्रिया दर दीड-दोन वर्षांनी पुन्हा खाटेवर येत, त्या काळी स्त्रीला कामसुखाची आवड नसते असे म्हणणे म्हणजे फाशीच्या तख्तावर वाढलेले ताट तिने खाल्ले नाही, म्हणून तिला भूक नाही असे म्हणण्यासारखे होते. स्त्रीची इच्छा पुरुषाइतकीच स्वाभाविक आहे. ती दिसत नाही कारण तिच्यावर गरोदरपणाचे, बदनामीचे आणि पापाचे भय घातलेले आहे, असे कर्व्यांनी ठामपणे मांडले. म्हणजे त्यांचे संततिनियमन आणि त्यांचे कामशास्त्र ही दोन वेगळी कार्ये नव्हती. भय दूर करा, म्हणजे इच्छा कशी आहे ते कळेल, असा तो एकच विचार होता. लोकसंख्येची चिंता करणाऱ्यांना संततिनियमन पुढे पटले. हा विचार मात्र त्यांतल्या फार थोड्यांनी उचलला.

आता शास्त्राने पुढे काय दाखविले ते पाहू. कर्वे लिहीत होते त्या काळात अंतःस्रावांचे शास्त्र नुकते आकार घेत होते. १८४९ साली गटिंगेनच्या बर्थोल्डने खच्ची केलेल्या कोंबड्याच्या पोटात वृषण पुन्हा बसविला, आणि कोंबडा पूर्ववत आरवू, झुंजू आणि कोंबड्यांमागे धावू लागला. मज्जातंतूंचा जुना संबंध तुटलेला असूनही हे घडले. अर्थात रक्तातून काही द्रव्य जात असले पाहिजे. १८८९ साली ब्राऊन-सेकार या बहात्तर वर्षांच्या नामांकित शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणाचा अर्क स्वतःला टोचून घेऊन तारुण्य परतल्याची ग्वाही दिली. तो भ्रम होता, पण त्या भ्रमाने साऱ्या युरोपला वेड लावले. १९२० मध्ये पॅरिसमध्ये व्होरोनॉफ माणसाला माकडाच्या ग्रंथीचे कलम करू लागला. अखेर १९३५ साली ॲमस्टरडॅममध्ये बैलाच्या वृषणातून ते द्रव्य शुद्ध स्वरूपात निघाले आणि त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव मिळाले. हेच द्रव्य स्त्रीच्या शरीरातही, बीजकोशांत आणि मूत्रपिंडांवरील ग्रंथींत, अल्प प्रमाणात तयार होते.

यावरून इच्छा म्हणजे नुसते रसायन, असा समज होण्याचा संभव आहे. तो चुकीचा आहे. टेस्टोस्टेरॉन एका मर्यादेखाली गेले तर इच्छा मंदावते हे खरे. परंतु निरोगी पुरुषात ते अधिक असले म्हणून इच्छा त्या प्रमाणात वाढत नाही. दिव्यात तेल असावे लागते, पण तेल दुप्पट घातल्याने ज्योत दुप्पट होत नाही. ज्योतीचे काम मेंदूत चालते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा लहानसा भाग अंतःस्रावांचे नियंत्रण करतो. डोपामीनसारखी द्रव्ये ओढ निर्माण करतात. आणि स्मृती, कल्पना, गंध, स्पर्श, भीती, लाज या साऱ्यांचे संदेश तेथे येऊन मिळतात. तेथून माकडहाडाच्या वरच्या मज्जारज्जूतून निघणारे तंतू जननेंद्रियांकडील रक्तवाहिन्या सैल करतात आणि रक्त भरते. उत्तेजन म्हणतात ते शरीराच्या दृष्टीने बहुतांशी हे रक्ताभिसरण होय; स्त्रीतही तेच, पुरुषातही तेच. हे काम घडवून आणणारा निरोप्या नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू आहे. त्याच्या शोधाला १९९८ सालचे नोबेल मिळाले, आणि त्याच साखळीवर काम करणारी सिल्डेनाफिलची निळी गोळीही त्याच वर्षी बाजारात आली. ती गोळी रक्तवाहिन्यांना साहाय्य करते. ती इच्छा उत्पन्न करीत नाही. हा भेद न कळल्याने अनेकांचे पैसे आणि काहींचे प्राण गेले आहेत, कारण हृदयविकाराच्या नायट्रेट गोळ्यांबरोबर ती घेतली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली येऊ शकतो.

आणि या सबंध यंत्रणेचा दुसरा अर्धा भाग म्हणजे रोध. किन्से यांचे अमेरिकन स्त्रियांविषयीचे मोठे पाहणी-पुस्तक १४ सप्टेंबर १९५३ रोजी प्रसिद्ध झाले. बरोबर एक महिन्याने कर्वे वारले. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी प्रयोगशाळेत उत्तेजनाच्या पायऱ्या मोजून १९६६ साली ग्रंथ लिहिला. परंतु कर्व्यांच्या विचाराशी खरा धागा जुळतो तो विसाव्या शतकाच्या अखेरीस बँक्रॉफ्ट आणि यान्सेन यांनी मांडलेल्या उपपत्तीशी. त्यांच्या मते प्रत्येक व्यक्तीत चेतविणारी आणि आवरणारी अशा दोन स्वतंत्र व्यवस्था असतात. कोणाची पहिली तरल असते, कोणाची दुसरी. बाहेरून ‘इच्छा नाही’ असे दिसते तेव्हा चेतना क्षीण असेल असे नाही. पुष्कळदा लगाम घट्ट ओढलेला असतो. लगाम ओढणाऱ्या गोष्टी कोणत्या? गर्भ राहण्याची धास्ती, रोगाची धास्ती, आपण कमी पडू ही धास्ती, कोणी ऐकेल ही धास्ती. एका खोलीत सासू-सासरे, मुले आणि नवराबायको झोपणाऱ्या घरात हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. कर्व्यांनी १९२१ साली केंद्र उघडले ते हा लगाम सैल करण्यासाठीच, असे आज शास्त्राच्या आधाराने म्हणता येते.

एका बाबतीत मात्र कर्वे आणि त्यांच्या पिढीचे सुधारक अपुरे पडतात. कामेच्छा ही भुकेसारखी आहे, ही त्यांची आवडती उपमा. पाप-पुण्याच्या जाचातून इच्छेला सोडविण्यासाठी ती उपयोगी पडली. परंतु अन्नावाचून माणूस मरतो; कामसुखावाचून कोणी मेल्याचे वैद्यकाला ठाऊक नाही. शिवाय भूक उपाशीपणाने वाढत जाते. इच्छा दीर्घ काळ अतृप्त राहिली तर पुष्कळांमध्ये ती मंदावते. भुकेची उपमा ताणली की तिचा शेवट ‘पुरुषाला राहवत नाही’ या वाक्यात होतो, आणि त्या वाक्याने किती अत्याचारांवर पांघरूण घातले आहे हे सांगणे नको. कर्व्यांचा असा हेतू कधीच नव्हता. व्यक्तीची संमती त्यांच्या विचाराच्या पायाशीच होती. पण उपमा वकिलासारखी असते, कोणाचीही बाजू मांडते.

अलीकडचे शास्त्र इच्छेला प्रतिसाद मानते. रोझमेरी बॅसन या कॅनेडियन डॉक्टरांनी २००० सालाच्या सुमारास दाखवून दिले की, दीर्घ सहजीवनातील अनेक स्त्रियांना इच्छा आधी होत नाही. जवळीक, विश्वास, हळुवार स्पर्श यांपासून आरंभ झाल्यावर, आणि तो आरंभ स्वतःला मान्य असेल तर, इच्छा मागून येते. हा रोग नाही, दोष नाही. इच्छेची ही एक स्वाभाविक चाल आहे आणि ती पुरुषांतही आढळते. लग्नाला पंधरा वर्षे झाल्यावर ‘आता हिला काही वाटतच नाही’ असे म्हणणाऱ्या नवऱ्याने, आणि ‘आपल्यातच काही उणे आहे’ असे मानून गप्प बसलेल्या बायकोने, ही एवढी गोष्ट वेळेवर वाचली असती तर दोघांचेही बरेच दुःख टळले असते. मराठी कुटुंबात या दुःखाला नाव नसते. ते चिडचिडीच्या, डोकेदुखीच्या किंवा अबोल्याच्या रूपाने प्रकट होते.

याहून गंभीर एक निष्कर्ष आहे. मेरेडिथ चिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २०१० साली अनेक प्रयोगांची एकत्र छाननी केली. शरीरात दिसणारे उत्तेजन आणि त्या व्यक्तीला मनात जाणवणारे उत्तेजन यांचा मेळ पुरुषांत ०.६६ तर स्त्रियांत अवघा ०.२६ आढळला. १ म्हणजे पूर्ण मेळ आणि ० म्हणजे मुळीच मेळ नाही, असे हे माप आहे. अर्थ असा की, शरीराने दिलेला प्रतिसाद म्हणजे इच्छा नव्हे, आणि संमती तर नव्हेच नव्हे. पापणीजवळ बोट आले की डोळा मिटतो, तसे शरीराचे काही व्यवहार मनाला न विचारता होतात. जबरदस्तीला बळी पडलेल्या कित्येक स्त्रिया, आणि मुलगेही, आपल्या शरीराने प्रतिसाद दिला या आठवणीने वर्षानुवर्षे स्वतःला अपराधी समजत राहतात. त्यांच्यापर्यंत ही साधी माहिती पोहोचणे हे कोणत्याही औषधाइतके मोलाचे आहे.

पुरुषांच्या भयाचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे, कारण त्यावर आपल्या देशात एक भरभराटीचा धंदा चालतो. सुरतेकडून मुंबईकडे किंवा भुसावळकडे जाताना रेल्वेच्या कडेच्या भिंती वाचाव्यात. ‘गुप्तरोग’, ‘कमजोरी’, ‘हमखास इलाज’ ही अक्षरे रंगविणाऱ्यांना आपले गिऱ्हाईक पक्के ठाऊक असते. गावाकडे कुटुंब ठेवून यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा, एका खोलीत आठ जणांबरोबर झोपणारा तरुण हे त्यांचे गिऱ्हाईक. वीर्याचा एक थेंब रक्ताच्या चाळीस थेंबांपासून होतो, हे त्याने कोठेतरी ऐकलेले असते. झोपेत वीर्यपात झाला की आपण झिजत चाललो असे त्याला वाटते. मग अशक्तपणा येतो, भूक जाते, लग्नाची बोलणी टाळली जातात. डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली या अवस्थेला ‘धात’ याच लोकांतल्या शब्दावरून शास्त्रीय नाव दिले. वीर्य रक्तापासून होत नाही. ते वृषण, शुक्राशये आणि प्रोस्टेट ग्रंथी यांच्या स्रावांचे मिश्रण असून शरीर ते सतत तयार करीत असते. बाहेर गेल्याने शक्ती घटत नाही. हे कर्वे ‘समाजस्वास्थ्या’तून पुनःपुन्हा सांगत होते. दंड झाला तो याच जातीच्या उत्तरांबद्दल, आणि भिंती रंगविणारे मात्र आजही राजरोस रंगवीत आहेत! या तरुणांचा अशक्तपणा खोटा नसतो. पुष्कळदा त्यामागे चिंता किंवा नैराश्य असते, आणि शांतपणे समजावून सांगणे व जरूर तर त्या नैराश्यावर औषध देणे, एवढ्याने बहुतेकांना बरे वाटते.

प्रौढ पुरुषाची गोष्ट निराळी. चाळिशी-पन्नाशीनंतर उत्तेजनाची तक्रार वरचेवर येऊ लागली तर ती मनाची किंवा वयाची म्हणून सोडून देऊ नये. जननेंद्रियाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात. म्हणून मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांचे परिणाम तेथे आधी दिसतात, कधी कधी हृदयविकाराच्या काही वर्षे आधी. भिंतीवरच्या पत्त्यावर जाण्याऐवजी रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासून घेणे स्वस्त पडते, आणि त्याने जीवही वाचू शकतो.

आणि पाळी गेलेल्या स्त्रियांविषयी. इस्ट्रोजेन कमी झाल्याने योनिमार्गाची त्वचा पातळ आणि कोरडी होते, संबंध दुखरा होतो, आणि दुखणे हाच सर्वांत प्रबळ लगाम ठरतो. यावर साधी वंगणे आहेत, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लावावयाचे इस्ट्रोजेनचे मलमही आहे. बहुतेक स्त्रियांना त्याने आराम पडतो. तरीही गुडघेदुखी, मोतीबिंदू, साखर या सर्वांची यादी डॉक्टरांपुढे वाचून दाखविणाऱ्या साठीच्या आजीबाई ही एक तक्रार वगळतात. वैद्यकाची पदवी घेतलेली त्यांची सून किंवा लेक समोर बसलेली असली, तरीही वगळतात.